कण्हेरीची पत्री

टण्ण!

ओट्यावर गडवा टेकला त्याचा आवाज झाला आणि चुलीपुढं बसलेल्या प्रमोदिनीच्या हातातली फुंकणी तशीच राहिली. घरात तोवर सगळं निवांत होतं. तिचे यजमान मार्तंडराव बाहेर गेले होते, थोरली लेक कुमुद अंथरुणात पाय पोटाशी घेऊन झोपली होती, आणि पाळण्यातलं आठ महिन्यांचं बाळ मूठ चोखत पडलं होतं.

हा आवाज रोजचा नव्हता. शेजारची हरणाबाई रोज याच वेळेला दूध घेऊन यायची. भरला गडवा दगडावर टेकला की 'थप्' असा जड, पोटभरीचा आवाज यायचा आणि त्या आवाजाला बाळ हातपाय नाचवायचं. आज गडवा नुसता घणघणला. रिकामं भांडं लांबूनसुद्धा ओळखू येतं.

"आज दूध न्हाय बाई," हरणाबाई उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "चांदी गेली."

"गेली? कुठं गेली?"

"कुठं जाती! मेली. कोंबडा आरवायच्या आत मान टाकली तिनं."

प्रमोदिनी उठली ती दाराकडं न जाता आधी पाळण्याकडं गेली. बाळाच्या कपाळाला, पोटाला, पायांना तिनं हात लावला. ऊबदार होते. मग तिनं मनातल्या मनात हिशेब घातला. काल सकाळचं दूध आधी आलं होतं. पत्री नंतर गेली. संध्याकाळचं दूध हरणाबाई करडांना सोडते. बाळाच्या पोटात काही गेलेलं नाही. तिनं सुटकेचा श्वास टाकला, आणि तो टाकता टाकताच तिला कळलं की हरणाबाईनं अजून शेळी कशानं मेली ते सांगितलेलंच नाही. मग आपण हा हिशेब कशाचा घातला?

"पोट फुगलं होतं का हो?" तिनं दारात येऊन विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"न्हाय. फुगलं न्हवतं. सांजच्यापारी गळाटली. मग हगवण लागली, तोंडाला फेस. पाय बरफावानी गार. म्या छातीवर हात ठिवून बघितला तर काळीज धाडधाड करायचं, अन् मधीच थांबायचं. मला वाटायचं, गेली. पुन्यांदा धाडधाड. रातभर तसंच." हरणाबाईनं पदरानं नाक पुसलं. "आमच्या सुनंनं, ह्या इरीनं, जवारीत घातली असंल. कोवळ्या जवारीचं इख असतंय न्हवं? तुमी वैद्याची लेक. तुमीच सांगा, जवारीच हाय ना?"

कोवळ्या ज्वारीचं विष प्रमोदिनीला ठाऊक होतं. जनावर फुगतं, तडफडतं आणि घटकाभरात आटोपतं. रात्रभर काळीज धावत आणि अडखळत राहतं ते वेगळ्याच विषानं. ते विष कुठलं, तेही तिला ठाऊक होतं. तिच्या परसात, न्हाणीच्या सांडपाण्यावर, लाल फुलांनी लदलेलं ते उभं होतं.

"असेल," ती म्हणाली.

एवढाच एक शब्द. तो तोंडातून गेला आणि हरणाबाई रिकामा गडवा उचलून आपल्या घराकडं वळली.

* * *

प्रमोदिनीचे वडील, नारायणराव, तुळजापूरचे वैद्य. देवीला येणारी जत्रा पायांचे फोड आणि पोटाचे विकार घेऊन त्यांच्या ओसरीवर बसायची. आईविना वाढलेली ही पोर खलबत्त्याशी खेळतच मोठी झाली. वडील तिला हाताशी धरून सांगत, "पमे, आधी विषाची ओळख करून घे. औषधाची ओळख मागून आपोआप होते." म्हणून अडुळशाच्या आधी तिला धोतरा शिकवला आणि पारिजातकाच्या आधी कण्हेर.

लग्न होऊन ती बेंबळीला आली तेव्हा निजामाची मोगलाई जाऊन पाचसहा वर्षं झाली होती आणि गावात नवी मराठी शाळा उघडली होती. मार्तंडराव त्या शाळेचे मास्तर. घरामागं दगडगोट्यांचा मोकळा तुकडा होता. दर खेपेला माहेराहून येताना ती ओल्या फडक्यात गुंडाळून एक तरी फांदी आणायची. चार वर्षांत तिथं बाग झाली. गावाला ती शोभेची बाग वाटायची आणि प्रमोदिनीला वडिलांची ओसरी. खोकला झाला की बाया अडुळशाचा पाला न्यायला येत, हिवताप आला की पारिजातकाची पानं. गळवावर बांधायला गुलबक्षी, केसांच्या तेलाला जास्वंद. ती पानं मोजून द्यायची आणि वर दोनदा बजावायची. "सात पानं सांगितली म्हणजे सातच. औषध आहे ते, भाजी नाही."

हरणाबाईच्या पायाला खरूज झाली तेव्हा तिनं कण्हेरीचं मूळ उगाळून तेलात दिलं होतं. "वरून लावायचं. नंतर हात राखेनं धुवायचे. हे बोट तोंडात गेलं तर माझ्याकडं येऊ नका, येण्याइतका वेळच राहायचा नाही."

"आन् महादेवाला तर हीच फुलं घालता की!"

"देवाला पचतं, हरणाबाई."

"मग देवच व्हावं लागंल मरून," म्हणून हरणाबाई मोकळं हसली होती. पाय बरा झाला, आणि त्या दिवसापासून या दोन घरांमधली बाभळीच्या काट्यांची कुपाटी नावालाच उरली. प्रमोदिनीला ताप येऊन तिचं दूध आटलं तेव्हा हरणाबाई न बोलावता गडवा घेऊन दारात उभी राहिली. "शेळीचं दूध हलकं असतंय. चांदी दोन करडांना पाजून उरती. बाळाला घाला." बाळ त्या दुधावर बाळसं धरू लागलं होतं.

हरणाबाईची सून इरम्मा गेल्याच वर्षी आळंदकडून आलेली. सोळा-सतरा वर्षांची, कानडी बोलणारी. तिच्या मराठीत बाया, बाप्ये, झाडं, जनावरं सगळी एकाच दावणीला असायची आणि हरणाबाई त्यावरून तिला उठताबसता टोचायची. "आमची सूनबाई बघा, शेळीला तो म्हनती अन् नवऱ्याला ती." कुमुदला मात्र इरम्मा म्हणजे सापडलेलं खेळणं होतं. दुपारी दोघी कुपाटीच्या दोन बाजूंना बसत. कुमुद पान तोडून तिला मराठी नाव सांगे आणि इरम्मा कानडी. चार वर्षांची होत आलेली ती पोर आपल्या 'इरक्का'ची मास्तरीण झाली होती.

* * *

आणि आता मंगळवारचं.

श्रावणातली मंगळागौर, प्रमोदिनीची पाचवी, म्हणजे शेवटची. सोळा तऱ्हेची पत्री, प्रत्येकी सोळा पानं. तिनं सगळी आपल्या बागेतली आणि बांधावरची स्वतः खुडली. बेल, शमी, आघाडा, माका, डोरली, रुई, धोतरा, कण्हेर. बोट तोंडात घालू नकोस म्हणून कुमुदला तीनदा दटावलं, आणि खुडून झाल्यावर तिचे हात राखेनं धुवून दिले. तिथपर्यंत ती वैद्याची लेक शुद्धीवर होती.

मग पूजा झाली. पानांना हळदकुंकू लागलं. बायांनी रात्र जागवली. बुधवारी सकाळी डोळे चुरचुरत होते, घरभर पसारा होता, बाळ किरकिरत होतं आणि कोपऱ्यात परडीभर निर्माल्य पडलं होतं. दरवर्षी मार्तंडराव ते बारवेत सोडून येत. पण आदल्या वर्षी गावात पटकी झाली होती आणि तेव्हापासून ग्रामसेवकानं बारवेवर पाटी लावली होती, 'पाण्यात निर्माल्य टाकू नये.' पाटीवरची अक्षरं मार्तंडरावांनीच रंगवलेली. नदी लांब. बाहेर टाकावं तर पावसानं चिखल झालेला, जाणाऱ्यायेणाऱ्याचा पाय पडणार. देवीचं निर्माल्य पायदळी कसं जाऊ द्यायचं?

तेवढ्यात कुपाटीपलीकडून चांदी ओरडली.

जनावराच्या मुखी गेलं म्हणजे देवाच्याच मुखी गेलं, असं प्रमोदिनीला वाटलं. वाटलं म्हणजे किती सुंदर वाटलं! ज्या शेळीचं दूध आपलं बाळ पितं तिला देवीचा प्रसाद. तिनं कुमुदला हाक मारली आणि परडी तिच्या हातात दिली.

पत्री एकदा परडीत पडली, तिला हळदकुंकू लागलं, की कण्हेर कण्हेर राहत नाही आणि धोतरा धोतरा राहत नाही. सगळी पानं देवीची होतात. हे खरं असेल, नसेल. पण त्या सकाळी प्रमोदिनीच्या डोळ्यांना ते तसंच दिसलं. एवढ्यावर ती स्वतःला माफ करू शकली असती. चूक कुणाची होत नाही?

पण पुढचं होतं. ती न्हाणीपाशी फडकी पिळत होती आणि कुमुदचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. पोर एकेक पान शेळीच्या तोंडापुढं धरत होती. "हा बेल. खा. ही शमी. अगं, काटा नाही, मी काढलाय. हा आघाडा. ही... ही कण्हेर. तोंड काय फिरवतेस? देवीची आहे. खा ना ग, माझी शहाणी."

ते प्रमोदिनीनं ऐकलं. कान देऊन ऐकलं. आणि तिला काय वाटलं? तिला कौतुक वाटलं. मरगळलेल्या, सुकलेल्या पानावरूनही पोरीनं कण्हेर अचूक ओळखली म्हणून. तुळजापूरला वडिलांना, आबांना, पत्रात कळवायचं असं तिनं ठरवलं आणि हसत हसत फडकं दोरीवर झटकलं.

* * *

शुक्रवारपर्यंत तो 'असेल' गावभर 'आहे' झाला.

कुपाटीपलीकडून हरणाबाईचा आवाज दिवसभर येई. "मास्तरीणबाईची गवाही हाय! वैद्याची लेक खोटं बोलंल व्हय? चरायला नेली का झोपा काढायला गेलीस?" त्यावर इरम्माचं एकच उत्तर, हळू, तुटक, "जवारीत नाही सोडलं, अव्वा." तिचा नवरा रामलिंग मुळातच घुम्या. त्यानं बायकोवर हात टाकला नाही, शिवी दिली नाही. फक्त शनिवारी बैलांना पेंड घालता घालता म्हणाला, "उद्या हिला आळंदच्या मोटारीत बसवून येतो. ऱ्हाऊ दे वरीसभर तिकडं. आक्कल आली की बघू."

वर्षभर माहेरी. पहिल्याच वर्षी नवऱ्यानं परत धाडलेली पोर. तिकडं गावात त्याचा अर्थ काय लावतील, हे प्रमोदिनीला कुणी सांगायला नको होतं.

तिनं सांगायचं ठरवलं. खरंच ठरवलं. त्याच दिवशी ती ताकाचा तांब्या घेऊन कुपाटीपर्यंत गेली. हरणाबाई आईविना करडांना कापडाच्या बोळ्यानं दूध पाजत होती. तिनं मान वर करून म्हटलं, "तुमीच तेवढ्या आल्यासा, बाई. बाकी गावाला काय." प्रमोदिनीनं ताक दिलं आणि पारिजातकाची पानं संपत आली की सांगा, असं काहीतरी म्हणून ती परत आली.

मग घरी येऊन तिनं कुऱ्हाड घेतली आणि कण्हेर बुडापासून तोडली. मार्तंडराव शाळेतून आले तर अंगणात लाल फुलांचा ढीग.

"अगं, हे काय? एवढं बहरलेलं झाड!"

"मुळाला कीड लागली होती," ती म्हणाली.

दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं. झाडाच्या चिकाचे डाग पुसत ती बराच वेळ न्हाणीत बसून राहिली. चार वेळा माती लावून, राख लावून हात धुतले. वडिलांनी तिला विष ओळखायला शिकवलं होतं. ओळखल्यावर सांगायचं असतं हे त्यांनी वेगळं शिकवलं नव्हतं. ते शिकवावं लागेल असं त्यांना वाटलंच नसेल.

* * *

रविवारी सकाळी रामलिंग गाडी जुंपत होता. प्रमोदिनी बाळाला मांडीवर घेऊन परसदारी बसली होती. गाईच्या दुधात निम्मं पाणी घालून ती चमच्यानं पाजत होती आणि ते तोंड वाकडं करत होतं. कुमुद शेजारी गुलबक्षीच्या बिया वेचत बसली होती.

कुपाटीच्या फटीतून इरम्मा आत आली. डोक्यावरून पदर, हातात एक बोचकं. तिनं इकडंतिकडं पाहिलं. तोडलेल्या कण्हेरीच्या बुंध्यावर तिची नजर क्षणभर थांबली.

"बाई, जाते मी."

प्रमोदिनीनं बाळाच्या तोंडाला पुन्हा चमचा लावला.

इरम्मानं कमरेची गाठ सोडली आणि काहीतरी काढून तिच्यापुढं धरलं. लांबट, काळपट पडलेलं, अर्धं चावलेलं पान. त्याच्या देठाशी अजून हळद होती, आणि हळदीवर कुंकवाचा ठिपका.

"चांदीच्या तोंडात होता," ती म्हणाली. "त्या दिवशी संध्याकाळीच काढला मी. आमच्याकडं ह्याला कणगिल म्हणतात. जनावर आपणहून तोंड लावत नाही ह्याला. कुणी हातानं चारला तरच खाते." आणि तिनं कुमुदकडं बघितलं. रागानं नाही. पदराची सुरकुती काढावी तसं, हलकंच.

"तुला ठाऊक होतं?" प्रमोदिनीनं विचारलं. "मग सासूला का नाही दाखवलंस?"

"दाखवलं असतं तर?" इरम्मा म्हणाली. "अव्वा तोंडाचा लई जहाल. साऱ्या गावात म्हणाली असती, मास्तरच्या पोरीनं शेळी मारली. येताजाता म्हणाली असती. कुमू लहान आहे. तिला इतकी नावं येतात पानांची. भ्याली असती. पुन्हा पानाला हात नसता लावला तिनं."

तिनं पान प्रमोदिनीच्या हातावर ठेवलं, तिची मूठ आपल्या हातानं बंद केली आणि वाकून तिच्या पायांना हात लावला. प्रमोदिनीनं पाय मागं घ्यायला हवे होते. बाळ मांडीवर होतं, म्हणून ते घेता आले नाहीत, असं तिनं स्वतःला सांगितलं.

"इरक्का, कधी येणार?" कुमुदनं विचारलं.

"तू सारी नावं पाठ करून ठेव. मग येते."

ती गेली. पलीकडं गाडीचा दांडा चढला, बैलांच्या गळ्यातले घुंगरू वाजले. आता उठलं असतं तर गाडी अंगणातच थांबली असती. पण बाळानं दूध ओकलं आणि प्रमोदिनीनं त्याचं तोंड पुसलं. मग त्याला उभं धरून त्याची पाठ थोपटली. मग झबलं बदललं. आई माणसाला कामाला तोटा नसतो, आणि न उठायचं असेल तेव्हा तर मुळीच नसतो. घुंगरांचा आवाज वेशीपर्यंत गेला, ओढ्याच्या उतारावर बारीक झाला आणि मग राहिलाच नाही.

तेव्हा ती उठली. बाळ मार्तंडरावांच्या हातात दिलं. मूठ तशीच बंद होती. कुमुद मागोमाग आली तिला परत पाठवण्याचंही भान राहिलं नाही.

हरणाबाई गोठ्याच्या दारात करडू मांडीवर घेऊन बसली होती. प्रमोदिनीनं तिच्यापुढं मूठ उघडली.

"हरणाबाई, तुमची शेळी ज्वारीनं मेली नाही. मी मारली. मंगळागौरीची पत्री चारली. त्यात ही कण्हेर होती. सोळा पानं."

हरणाबाईनं पान हातात घेतलं नाही, नुसतं पाहिलं. हळदकुंकवावर तिची नजर खिळली. करडू तिचं बोट चोखत होतं.

"कवा कळलं तुमाला?"

"तुम्ही गडवा घेऊन आलात तेव्हाच. पाय गार पडले म्हणालात, तेव्हाच."

"म्या इचारलं हुतं तुमाला." हरणाबाईचा आवाज चढला नाही, आणि तेच प्रमोदिनीला सोसवेना. "जवारीच हाय ना, म्हनून इचारलं हुतं. तुमी न्हाय म्हनाला असता तर म्या पोरीला बोलले असते व्हय? शेळीचं जाऊ द्या, बाई. शेळी काय, आज हाय उद्या न्हाय. चुकून झालं म्हनला असता तर म्या तुमालाच धीर दिला असता." ती थांबली. मग जमिनीकडं बघत म्हणाली, "न्हाय तर काय, मला बी कुनीतरी पायजेच हुतं बोलायला. तुमी एक सबुद दिला, म्या त्याचं दावं केलं अन् पोरीच्या गळ्यात बांधलं."

कुमुदनं जवळ जाऊन करडाच्या कपाळावर हात फिरवला.

"दोघंच्या दोघं उपाशी हैत," हरणाबाई म्हणाली, कुणाला म्हणाली कोण जाणे. मग पदर सावरला. "रामलिंग सांजच्याला परतंल. त्याला तुमीच सांगा. माझ्या तोंडानं मला जमायचं न्हाय. उद्या पुन्यांदा जाऊन घिऊन यील तिला. आली तर."

"येईल ना?"

"तिला इचारा ते. मला नगा इचारू."

प्रमोदिनीनं मान हलवली. पान परत मुठीत घेतलं आणि ती निघाली. हरणाबाईनं 'या' म्हटलं नाही. आजवर ती कधी न म्हणता राहिली नव्हती.

कुपाटीपाशी कुमुदनं तिचा पदर ओढला.

"आई, कण्हेर वाईट असते?"

"नाही बाळा. बाहेरून लावली तर औषध. पोटात गेली तर विष."

"मग देवीला कशी चालते?"

"देवी खात नाही ना ती. नुसती घेते."

कुमुदनं त्यावर थोडा विचार केला. "पण चांदीला तर मी चारली. तू कुठं चारलीस?"

प्रमोदिनी चिखलात खाली बसली. पोरीचे दोन्ही हात तिनं आपल्या हातात घेतले. नखांत गुलबक्षीचा काळा चुरा होता. "मी सांगितलं म्हणून तू चारलीस. जिनं सांगितलं तिनंच चारली. तुझं काही चुकलं नाही. तू तर नाव बरोबर सांगितलं होतंस. मी ऐकलं होतं."

"इरक्काला पण ठाऊक होतं?"

"होतं."

"मग ती का नाही बोलली?"

"तुला कुणी बोलू नये म्हणून."

"माझ्यासाठी?"

"हो. तुझ्यासाठी गप्प बसली ती."

पलीकडं करडू ओरडलं. कुमुदनं तिकडं पाहिलं, मग आईच्या बंद मुठीकडं, आणि मग मान वाकडी करून, एखाद्या नव्या पानाचं नाव विचारावं इतक्या सहज विचारलं,

"मग आई, तू कुणासाठी गप्प बसली होतीस?"